सायरनच्या आधी पोहोचणारी सूचना

रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकाला १० हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतले हे कलम आहे. पण वाट देण्यासाठी आधी रुग्णवाहिका येत असल्याचे कळावे लागते, आणि कळल्यावर बाजूला सरायला जागा असावी लागते. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईला नेल्या जाणाऱ्या एका जखमी महिलेची रुग्णवाहिका मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कोंडीत अडकली आणि वाटेतच तिची प्राणज्योत मालवली. वसई-विरारकरांना या बातमीचे दुःख झाले, आश्चर्य वाटले नाही. गंभीर रुग्णाला मुंबईला न्यायचे तर हाच महामार्ग आणि वसई खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो, हे येथे घरोघरी ठाऊक आहे.

चालकांना बिनतारी यंत्रणेने आगाऊ सूचना देता आली तर असे प्रसंग टळतील का? आधी सायरन कुठे कमी पडतो ते पाहू.

समजा, सायरनपासून १ मीटरवर आवाजाची पातळी १२० डेसिबल आहे. मोकळ्या जागी अंतर दहापट झाले की पातळी २० डेसिबलने घटते. म्हणजे १० मीटरवर १०० आणि १०० मीटरवर ८० डेसिबल. काचा बंद असलेली मोटार बाहेरचा आवाज साधारण २५ ते ३० डेसिबलने कमी करते. आत ७० डेसिबलच्या पातळीवर गाणी चालू असतील, तर १०० मीटरवरचा सायरन त्यात बुडून जातो. तो स्पष्ट ऐकू येतो रुग्णवाहिका १० मीटरवर आल्यावर! ती मोटारीपेक्षा ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने अधिक वेगात असेल, तर चालकाच्या हाती एकच सेकंद उरतो. त्यात नालासोपाऱ्यासारख्या दाट वस्तीत आवाज इमारतींवर आपटून परततो, त्यामुळे तो नेमका कोणत्या दिशेने येतो आहे हेही उमगत नाही.

यावर स्वीडनमधील केटीएच या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ च्या सुमारास एक सुटसुटीत युक्ती पुढे आणली. अनेक मोटारींच्या एफएम रेडिओत कार्यक्रमासोबत येणारी अंकीय माहिती वाचण्याची सोय असते. ही माहिती ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर, सेकंदाला सुमारे ११८७ बिट या वेगाने येते. तिच्यात ‘आता वाहतुकीची सूचना आहे’ असा एक संकेत असतो. तो मिळाला की रेडिओ चालू गाणे आपोआप थांबवून सूचना ऐकवतो. रुग्णवाहिकेवर छोटा प्रक्षेपक बसवून तिने हाच संकेत पाठवायचा, की जवळच्या मोटारींतले संगीत थांबून इशारा ऐकू येतो. मोटारीत नवे काहीच बसवावे लागत नाही, हे आम्हाला या कल्पनेचे मोठे गमक वाटते. उणीव अशी की, दुभाजकापलीकडे उलट दिशेने जाणाऱ्यालाही तोच इशारा मिळतो. विनाकारण वाजणाऱ्या इशाऱ्याकडे माणूस लवकरच दुर्लक्ष करू लागतो.

दुसरी पद्धत वाहनांनी परस्परांशी बोलण्याची. तिच्यासाठी अमेरिकेने १९९९ साली ५.९ गिगाहर्ट्झजवळचा पट्टा राखून ठेवला (२०२० मध्ये त्यातला बराच भाग काढूनही घेतला). रुग्णवाहिका उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान, वेग आणि दिशा ठरवते व ही माहिती सेकंदाला १० वेळांपर्यंत प्रसारित करते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन संदेशांच्या मधल्या काळात २ मीटरच पुढे सरकते, इतकी ही माहिती ताजी असते. ऐकणारी मोटार तिची स्वतःच्या स्थानाशी तुलना करते आणि आपल्याशी संबंध असेल तरच चालकाला सावध करते.

मात्र या लहरींची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते. महामार्गावरचा कंटेनर त्यांच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. एफएमच्या लहरी सुमारे ३ मीटर लांबीच्या, त्यामुळे त्या अडथळ्याला बऱ्याच अंशी वळसा घालून जातात. शिवाय आपल्या रस्त्यांवर दुचाकी आणि रिक्षा यांचीच गर्दी अधिक. त्यांच्यात असा ग्राही कुठून येणार? त्यांच्यापुरता सायरनला पर्याय नाही.

खरी अडचण यापुढची आहे. सिग्नल हिरवा झाला तरी रांगेतली सगळी वाहने एकदम हलत नाहीत. पहिले सुटते, मग दुसरे, मग तिसरे. ‘सुटण्याची’ ही लाट रांगेतून मागे मागे साधारण सेकंदाला ५ मीटर वेगाने सरकते. रांग १ किलोमीटरची असेल, तर शेपटाला हालचाल जाणवायला २०० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटर वेगाची रुग्णवाहिका ३.३ किलोमीटर कापते. म्हणजेच शेपटाशी येऊन तिला थांबावे लागू नये असे वाटत असेल, तर ती रांगेच्या तोंडापासून ४ किलोमीटरहून अधिक दूर असतानाच ते तोंड मोकळे व्हायला हवे. काही शेकडा मीटर पोहोचणारी सूचना येथे अपुरी पडते. खच्चून भरलेल्या रस्त्यावर शेजारच्या चालकाला ती मिळूनही तो सरणार कुठे?

इतक्या दुरून कळवायचे तर मोबाइलचे जाळे उपयोगी पडते. रुग्णवाहिकेचे स्थान नियंत्रण कक्षाला सतत कळत राहिले, तर तिच्या वाटेवरचे सिग्नल आधीच हिरवे करता येतात आणि पुलाच्या तोंडाशी उभ्या पोलिसाला बाकीची वाहने रोखून धरता येतात. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकांवर स्थान सांगणारी उपकरणे आहेतच. जाळ्यातून संदेश जायला एखादा सेकंद उशीर झाला, तरी २०० सेकंदांच्या हिशेबात तो नगण्य आहे. खोटा संदेश पाठवून स्वतःला वाट करून घेणारे महाभागही निघतील, म्हणून प्रत्येक संदेशाला पडताळता येणारी अंकीय सही मात्र हवी.

सुटण्याच्या लाटेचा वेग विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल. सिग्नलजवळच्या पादचारी पुलावर किंवा एखाद्या सुरक्षित गच्चीवर उभे राहावे. रांगेतले दहावे वाहन हेरून ठेवावे आणि सिग्नल हिरवा झाल्यापासून ते हलेपर्यंतचे सेकंद मोजावेत. नंतर रस्ता रिकामा असताना पदपथावरून पावले टाकून तेवढ्या रांगेची लांबी काढावी. लांबीला सेकंदांनी भागले की वेग मिळतो. रिक्षा-दुचाकींची रांग आणि ट्रकची रांग यांची उत्तरे वेगळी येतात का, हेही तपासून पाहावे.