काशाची वाटी आणि आवणीची कंबर

आवणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या खाचरांत बाया सकाळपासून कमरेत वाकलेल्या असतात. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. पाऊस सरला की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे येतात. १८९२ सालापासून तानसा आणि पुढे भातसा ही धरणं मुंबईची तहान भागवत आली, पण त्याच शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. अशा शरीरांची अंगदुखी हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यावरच्या घरगुती उपायांकडे तितक्याच गांभीर्याने पाहायला हवं.

असाच एक उपाय दुसऱ्या देशातून आला आहे. शहरांत चेहरा उजळण्यासाठी विकला जाणारा ‘ग्वा शा’ दगड हा मुळात चीनमधला अंगदुखीवरचा उपाय. तेल लावून बोथट कडेने पाठ घासतात, तेव्हा केशवाहिन्यांतून रक्त झिरपून लाल ठिपके उमटतात. २००७ साली ११ निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात घासलेल्या जागेचा रक्तप्रवाह पहिली साडेसात मिनिटं चौपट झालेला आढळला. २०११ साली जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ४८ रुग्णांवर चाचणी झाली. त्यात एकदाच केलेल्या घासणीने आठवड्यानंतरही शेकापेक्षा जास्त आराम दिसला. आपल्याकडे काशाच्या वाटीने, तूप किंवा तेल लावून, तळपाय घासतात. वाटी गोल फिरते आणि ठिपके उठवत नाही, त्यामुळे ‘ग्वा शा’चे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी तेल, दाब आणि मायेचा हात दोन्हीकडे आहे. म्हणून महागडा दगड विकत आणण्याचं कारण मला दिसत नाही.

घासण्याने मिळणारा आराम हा नुसता मनाचा समज आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो पुरता खोडता येत नाही, कारण अभ्यास लहान आहेत आणि आपल्याला घासलं जातंय हे रुग्णापासून लपवता येत नाही. पण रात्री झोप लागली, तर थकलेल्या माणसाला तेवढाही दिलासा मोलाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात तापासोबत पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील, तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. तिथे चोळत बसणं जिवावर बेतेल. आरोग्य केंद्रच गाठलं पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी जोरात घासून घेऊ नये. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनीही हा उपाय टाळावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वाटीने आजची कंबर मोकळी होते, उद्या ती पुन्हा वाकतेच. त्याचं उत्तर शेजारच्या कर्जत तालुक्यात आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात; चिखलणी आणि आवणी दोन्ही टळतात. तणाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, हे खरं. पण कष्टाची ठेवण बदलता येते, हे त्यातून सिद्ध होतं. घराघरांत वाटी असावीच; पण पाड्यावर नळ आणि शेतात कमी वाकायला लावणारी पद्धत पोचवणं हाच या अंगदुखीवरचा टिकाऊ इलाज आहे, आणि त्याची जबाबदारी दुखणाऱ्या बाईवर टाकता येणार नाही.