लग्नाची अंगठी : धातूबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हार, पाटल्या, तोडे समारंभापुरते बाहेर निघतात आणि पुन्हा कपाटात जातात. साखरपुड्यात किंवा वसई-गोव्याच्या चर्चमध्ये बोटात चढलेल्या अंगठीला मात्र सुट्टी नसते. भांड्यांची घासणी, लोकलचा दांडा, दुचाकीचं हँडल, कणकेचे हात, साबण, घाम हे सगळं ती वर्षानुवर्षं सोसते. त्यामुळे सोनाराकडून अंगठी खास घडवून घ्यायची असेल, तर नक्षीच्या आधी धातू ठरवायला हवा. आणि त्याच बाबतीत ऐकीव गोष्टींवर सर्वाधिक विसंबलं जातं.

गैरसमज : सोनं जितकं शुद्ध, तितकी अंगठी टिकाऊ.

24 कॅरट सोनं गंजत नाही, काळंही पडत नाही. पण ते फार मऊ असतं. धातूचा कठीणपणा मोजण्याच्या विकर्स पद्धतीत शुद्ध, नरम सोन्याचा अंक 25च्या आसपास येतो. त्यात तांबं आणि चांदी मिसळली की 18 कॅरटपर्यंत हाच अंक शंभराच्या वर जातो. मिसळलेल्या धातूंचे अणू सोन्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरू देत नाहीत, म्हणून हे घडतं.

22 कॅरटमध्ये 91.6 टक्के, 18 कॅरटमध्ये 75 टक्के आणि 14 कॅरटमध्ये 58.5 टक्के सोनं असतं. साधं, जाडसर वेढणं 22 कॅरटमध्ये उत्तम चालतं. हिरा जडवायचा असेल, तर 18 कॅरट घ्यावं. खड्याला धरून ठेवणारे बारीक आकडे मऊ सोन्यात हळूहळू वाकतात आणि एक दिवस खडा निसटतो.

गैरसमज : ‘केडीएम’ म्हणजे शुद्धतेची खूण.

हे नाव आलं कॅडमियमवरून. दागिन्याचे भाग जोडताना सोनार डाग देतो. त्या डागाच्या मिश्रणात पूर्वी हिणकस धातू जास्त असायचा आणि दागिन्याची एकूण शुद्धता घसरायची. कॅडमियममुळे मिश्रण लवकर वितळतं. त्यात सोन्याचं प्रमाण जास्त ठेवता येतं आणि जोडही 22 कॅरटच्या जवळ राहतो. पण तापवताना कॅडमियमची वाफ होते, आणि ती कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. भारतीय मानक ब्युरोच्या नियमांत ते बसत नाही.

आज पाहायचा तो हॉलमार्क. 1 एप्रिल 2023पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर अंक आणि अक्षरांचा सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक लागतो आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना ही सक्ती नाही. नाजूक अंगठी घेणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं.

गैरसमज : प्लॅटिनमवर ओरखडे पडत नाहीत.

पडतात, आणि लवकर पडतात. रस्त्यावरच्या धुळीतले वाळूचे कण सोनं, प्लॅटिनम आणि टायटॅनियम या तिन्हींपेक्षा कठीण असतात. प्लॅटिनमचं वेगळेपण दुसरीकडे आहे. ओरखड्याच्या जागचा धातू बहुतांशी झिजून न जाता बाजूला सरकतो. चकाकी मंदावते, मऊसर राखी छटा येते, पण वजन फारसं घटत नाही. दागिन्यांत साधारण 95 टक्के शुद्ध प्लॅटिनम वापरतात. ते 18 कॅरट सोन्यापेक्षा बरंच जड असल्यानं त्याच मापाची अंगठी वजनात सुमारे एक तृतीयांश जास्त भरते. शिवाय प्लॅटिनम वितळतं 1768 अंशांना, तर सोनं 1064 अंशांना. म्हणून ते काम त्यातल्या सरावलेल्या कारागिराकडेच द्यावं.

गैरसमज : पांढरं सोनं कायम पांढरंशुभ्र राहतं.

पिवळ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून ते फिकट केलं जातं. दुकानात दिसणारी लखलखीत झळाळी बहुतेक वेळा वरच्या ऱ्होडियमच्या पातळ मुलाम्याची असते. रोजच्या वापरात तो झिजतो आणि पुन्हा चढवावा लागतो. निकेलनं काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ येतं. ज्यांना नकली दागिन्यांचा असा त्रास होतो, त्यांनी पॅलेडियमचंच पांढरं सोनं मागावं.

गैरसमज : सर्वांत कठीण तेच सर्वांत टिकाऊ.

टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्या या समजुतीवर खपतात. त्यांच्यावर ओरखडा क्वचितच उठतो हे खरं. पण कठीण वस्तू ठिसूळही असू शकते. फरशीवर जोरात आपटली, तर ही अंगठी चिनी मातीच्या कपासारखी तडकू शकते. तिचं माप वाढवताही येत नाही.

टायटॅनियमबद्दलची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी आहे. बोट सुजलं तर ही अंगठी कापताच येत नाही, असं सांगितलं जातं. योग्य कटरनं ती कापता येते. सोन्यापेक्षा वेळ जास्त लागतो इतकंच. खरी अडचण दुरुस्तीची आहे. तापवल्यावर टायटॅनियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्यामुळे नेहमीच्या फुंकणीवर त्याला डाग देता येत नाही.

गैरसमज : हातानं घडवलेली अंगठी साच्यातल्या अंगठीपेक्षा कच्ची.

ठोकून आणि तार ओढून घडवलेला धातू प्रत्येक घावासरशी कठीण होत जातो. फार कठीण होऊन तडकू नये म्हणून सोनार तो मधूनमधून तापवून नरम करतो. ओतकामात नीट काळजी घेतली नाही, तर आत बारीक पोकळ्या राहतात. हातकामातला कच्चा दुवा असतो जोड. तो पूर्ण भरला गेला आहे का, हे भिंगातून पाहून घ्यावं.

चांदीची अंगठी घ्यायला हरकत नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती काळवंडते, पण पुसली की उजळते. फक्त ती जाड असावी.

रोज घालायच्या साध्या अंगठीसाठी जाडसर 22 कॅरट, खड्याच्या अंगठीसाठी 18 कॅरट आणि ऐपत असेल तर प्लॅटिनम, हीच निवड टिकाऊ ठरते. बोट वयानुसार जाड-बारीक होतं आणि या धातूंमधली अंगठी वाढवता, जोडता, पुन्हा घडवता येते. ऑर्डर देण्याआधी सोनाराला कॅरट, हॉलमार्क, पट्टीची जाडी आणि पुढे माप बदलून मिळेल का, हे चार प्रश्न जरूर विचारा.