भाताची पानं तांबूस पडतायत? रोग नाही, लोह जास्त झालेलं असू शकतं

खाचरात भरपूर पाणी आहे, खतही वेळेवर पडलंय. तरीही भाताच्या खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात आणि काही दिवसांत अख्खं पान तांबूस होतं. पहिला संशय करपा रोगावर जातो, बुरशीनाशक फवारलं जातं. फरक मात्र पडत नाही, कारण काही वेळा हा रोग नसतोच. पिकाला लोहाची विषबाधा झालेली असते. केरळ, गोवा, ओडिशा आणि ईशान्य भारतातल्या आम्लधर्मी, पाणी साचणाऱ्या जमिनींत हे घडतं.

लोहाशिवाय झाडाला हरितद्रव्य बनवता येत नाही. मातीत ते भरपूर असतं, पण बहुतेक गंजाच्या रूपात. जांभ्या मातीचा लाल रंग त्याचाच. हा गंज पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरवी धोका नसतो.

पाणी साचल्यावर काय बदलतं?

मातीतला ऑक्सिजन संपतो. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी या गंजावर काम भागवतात आणि त्यातून विरघळणारं 'फेरस' लोह सुटतं. मुळं ते ओढून घेतात. पेशीत त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. ते समोर येईल ते जाळत सुटतात: पेशीपटल, प्रथिनं, डीएनएसुद्धा.

झाडही गप्प बसत नाही. जास्तीचं लोह ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात कोंडून ठेवतं. एका फेरिटिनमध्ये लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात! भाताची आणखी एक युक्ती म्हणजे पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत हवा पोचवणं. त्यामुळे मुळाबाहेरच लोहाचा पुन्हा गंज होतो. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर दिसणारा लालसर थर तो हाच. जमिनीत पालाश कमी असेल तर हा बचाव ढिला पडतो.

देशावर मात्र उलटं

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. भुईमूग, ऊस पिवळा पडतो. शेतकरी त्याला 'केवडा' म्हणतात. उपाशी भुईमूग मग लोह आत घेणारी दारं वाढवतो, पण ती दारं फारशी चोखंदळ नसतात. जस्त, मँगनीज आणि माती दूषित असेल तर कॅडमियमही त्यातून आत शिरतं.

केवड्यावर हिराकशीची फवारणी चालते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. तांबूस पडलेल्या भातावर तीच मारणं म्हणजे आगीत तेल. तिथे काही दिवस पाणी काढून टाकणं, चुना आणि पालाश देणं कामी येतं.

ओळखायचं कसं? जुन्या पानातलं लोह झाड नव्या पानाला सहज देऊ शकत नाही, म्हणून कमतरता आधी कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. विषबाधेचे ठिपके जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतात. तरी शंका असेल तर फवारणीआधी माती आणि पानांची तपासणी करून घेतलेली स्वस्त पडते.