माकडाचा पाना

१९९० चं दशक सरत आलं होतं. दिल्लीत नेहरू प्लेसच्या चौकातली सीडीवाली पोरं गिऱ्हाईक चालण्यावरून ओळखायची. प्रिंटर घ्यायला आलेल्या बाबांकडे बघायचीही नाहीत, माझ्या कानाशी मात्र ‘गेम, भैया, गेम’ सुरू व्हायचं. पातळ प्लास्टिकचं पाकीट, सीडीवर मार्करने लिहिलेलं नाव, तेही बहुधा चुकीचं. खोका नाही, पुस्तिका नाही. चाच्यांवरचा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ मी असाच घेतला. चाचेगिरीचा खेळ चाचेगिरीच्या सीडीवर! हा विनोद मराठीतही जमतो हे तेव्हा सुचलं नव्हतं.

पॉइंट-अँड-क्लिक म्हणजे पडद्यावर एक चित्र. त्यात दिसेल त्यावर टिचकी मारायची, सापडेल ते पोतडीत टाकायचं आणि कुठली वस्तू कुठे लागू पडते ते डोकं खाजवत शोधायचं. बोटांची चपळाई इथे कुचकामी. याचं मूळ १९७६ सालच्या विल क्राउदरच्या गुहेच्या खेळात. तिथे चित्रही नव्हतं, नुसते शब्द टंकायचे. १९८४ मध्ये रॉबर्टा विल्यम्सच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ने रंगीत राज्य आणलं आणि पावलोपावली मरणही. १९८७ च्या ‘मेनियाक मॅन्शन’मध्ये रॉन गिल्बर्ट आणि मंडळींनी क्रियापदंच पडद्याच्या तळाशी मांडली: उघड, ढकल, दे, उचल. टंकायची कटकट संपली. तीन वर्षांनी ‘मंकी आयलंड’ आला.

त्याच्या दुसऱ्या भागाने, १९९१ च्या, आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दोन महिने मुक्काम ठोकला. एका बेटावर धबधबा, वर पाण्याचा पंप. तो बंद केल्याशिवाय पुढची वाट नाही. पोतडीत दोरी, बादली, हाडं, काय नाही ते, काहीच चालेना. शेवटी भावाने वैतागून पोतडीतली एकेक वस्तू पंपावर घासायला घेतली. दुसऱ्या बेटावरच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवत बसतं. तालमापकावर केळं ठेवून त्याला गुंगवलं की ते ताठ होऊन पोतडीत येतं. भावाने तेच पंपाला लावलं, आणि माकड पान्यासारखं फिरलं. पाणी थांबलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. जिंकल्याचा आनंद नाही, कुणीतरी आपल्याला बनवल्याचा राग. अमेरिकेत तसल्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. ब्रिटनमध्येही तो शब्द सर्रास नाही, म्हणजे तिथलेही पोळले असणार. आमच्याकडे पाना तो पानाच. त्यात माकड शोधणार कोण?

मी तेव्हापासून या खेळांकडे एकाच खोडीने बघतो: कोडं दिल्लीपर्यंत पोचतं की वाटेत राहतं?

१९९३ चा ‘मिस्ट’ पोचला. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी केलेलं ते निर्मनुष्य बेट पुढे ६० लाखांवर प्रतींत खपलं. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक विकला गेलेला खेळ तोच. खोक्यात म्हणे एक कोरी वही यायची, खुणा टिपायला. आम्ही आईची दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून वापरली. बेटावर एक रॉकेट आहे, त्यात पेटीसारख्या पट्ट्या आणि समोर पाच दांडे. वाचनालयातल्या एका पुस्तकात पाच पट्ट्यांचा क्रम दिलेला. त्या वाजवायच्या आणि तेच स्वर दांड्यांवर नुसत्या कानाने जुळवायचे. आम्ही दोघं भाऊ सुरांच्या बाबतीत ठार बहिरे. आत्या पहाडगंजात गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. एका रविवारी ती मटार सोलत मागे बसली होती. ‘थांब. चढलास. थोडा खाली… अजून… हां, ठेव.’ पाच दांडे, पाच मिनिटं. तिने पडद्याकडे मानही वळवली नाही.

उलट टोक १९९९ चं: ‘गॅब्रिएल नाइट ३’. मित्राच्या नावावर मोटारसायकल भाड्याने घ्यायची म्हणून मांजराचे केस चिकटपट्टीवर जमवून, पाकातल्या चिकटीने त्यांची मिशी लावायची. ज्याचं सोंग घ्यायचं त्या मित्राला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पारपत्रावरच्या फोटोला मार्करने मिशी काढायची. अशाने हा प्रकार मेला, असं तेव्हा लोक म्हणू लागले. मेला नाही, गल्लीबोळांत शिरला.

गुरगावच्या कॉल सेंटरांच्या रात्रपाळीत मी तो पुन्हा पाहिला. दोन कॉलच्या मध्ये लपवता येईल इतका छोटा: चेकोस्लोव्हाकियाच्या कठपुतळ्यांची आठवण देणारा ‘सामोरोस्ट’ (२००३), तोशिमित्सु ताकागींची ‘क्रिमझन रूम’ (२००४), मातेउश स्कुत्निकचं ‘सबमशीन’ (२००५). ‘क्रिमझन रूम’मध्ये तर बंद खोली, एक दार, बस्स. पुढे २००७ मध्ये क्योतोत ताकाओ कातोंनी ही खोली खरोखरीच बांधली. आज एनसीआरमधल्या मॉलांत लोक पैसे मोजून स्वतःला कोंडून घेतात. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीने हे खेळ ज्यावर चालायचे त्या फ्लॅशचा आधार काढला, त्यात अशा असंख्य खोल्या गेल्या असत्या. हौशी लोकांनी बऱ्याच जपून ठेवल्या.

आणि आपलं कोडं? दिल्लीच्या क्विकसँड स्टुडिओच्या अविनाश कुमार यांनी, आपल्या आईसोबत म्हणजे भरतनाट्यम नर्तकी जयलक्ष्मी ईश्वर यांच्यासोबत, ‘अंतरिक्ष संचार’ मांडलं: गणितज्ञ रामानुजनच्या स्वप्नांभोवती विणलेलं पॉइंट-अँड-क्लिक. नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं देते असं सांगणारा माणूस या प्रकाराचा नायक व्हायला इतकी वर्षं लागली, हेच नवल. गुजरातेतल्या चाला गावाहून ध्रुव जानी यांचा स्टुडिओ ओलिओमिंगस वेगळीच वाट चालतो. अस्तित्वात नसलेल्या एका गुजराती कवीच्या कहाण्यांतून २०१८ चं त्यांचं ‘अ म्युझियम ऑफ ड्यूबियस स्प्लेंडर्स’ उभं राहिलं. त्यात सोडवण्यासारखं फार नाही, भटकायचंच जास्त. मला ते थोडं खटकलं. अडकल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

हुमाणं, उखाणे, कोडी यांनी भरलेल्या मराठीतलं या जातीचं काही माझ्या हाती आलेलं नाही.

परवा नोएडाला घर हलवताना दुधाची ती वही सापडली. एका बाजूने आईचे आकडे, एका तारखेला ‘अर्धा लिटर कमी’. उलट्या बाजूने बेटाचा नकाशा, आत्याच्या अक्षरात पाच स्वर, आणि शेवटच्या पानावर माझ्या हातच्या तीन खुणा: चौकोन, अर्धवर्तुळ, बाण, खाली दोनदा अधोरेखित केलेलं ‘विसरू नको’. भावाला फोटो पाठवला. त्यालाही आठवत नाही.