प्रणयाचा परवाना : मूकपट आणि आशियाई नायक-नायिका

1915 ते 1929 या कालखंडात पाश्चात्त्य मूकपटाने आशियाई माणसाला प्रणयकथेत वारंवार स्थान दिले. परंतु ते कोणत्या अटींवर दिले आणि त्या अटींच्या कुंपणात राहूनही काही नटनटींनी आपल्या कलेचे तेज कसे प्रकट केले, याचा विचार केल्यावाचून त्या कलेचे मूल्यमापन पुरे होत नाही. उच्चारित शब्दाचा आधार नसलेल्या मूकपटात चेहरा हेच सर्वस्व होते; म्हणूनच पडद्यावर कोणाचा चेहरा यावा आणि त्याच्या वाट्याला कोणते भवितव्य यावे, हे दोन प्रश्न तेथे निरनिराळे तपासावे लागतात.

सेसिल डिमिल यांच्या ‘द चीट’मध्ये (1915) सेसू हायाकावा या जपानी नटाने रंगविलेला धनिक, दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात ठरलेला सौदा गोऱ्या स्त्रीने मोडू पाहताच, तिच्या खांद्यावर तप्त मुद्रा उमटवितो. अमेरिकेतील जपानी रहिवाशांनी या चित्रणाला हरकत घेतल्यानंतर 1918 च्या पुनःप्रदर्शनात उपशीर्षके बदलून त्याला ब्रह्मदेशीय ठरविण्यात आले. मनुष्य मात्र तोच क्रूरकर्मा राहिला. उलट, ग्रिफिथ यांच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मधील (1919) चिनी नायक बुद्धाचा शांतिसंदेश घेऊन लंडनच्या लाइमहाउस वस्तीत आलेला, कोमल हृदयाचा आहे. परंतु ती भूमिका रिचर्ड बार्थेल्मेस या गोऱ्या नटाला दिली गेली, आणि लिलियन गिशने साकारलेल्या पीडित मुलीवरील त्याच्या प्रेमाची परिणती दोघांच्याही मृत्यूत झाली.

या परंपरेत ‘द टोल ऑफ द सी’ (1922) हा चित्रपट विशेष बारकाईने पाहण्याजोगा आहे. चेस्टर फ्रँकलिन यांचे दिग्दर्शन, फ्रान्सिस मॅरियन यांची कथा आणि तांबड्या-हिरव्या अशा दोनच वर्णांतून सृष्टी उभी करणारी टेक्निकलरची नवी पद्धती यांच्या जोडीला येथे नायिका म्हणून उभी राहिली सतरा वर्षांची अ‍ॅना मे वाँग, लॉस एंजेलिसमध्ये लाँड्री चालविणाऱ्या चिनी कुटुंबातील कन्या. कथा ‘मॅडम बटरफ्लाय’चीच, फक्त जपानऐवजी चीनमध्ये घडणारी : समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या अमेरिकन तरुणाला लोटस फ्लॉवर वाचविते, त्याच्यावर सर्वस्व ओवाळते, तो स्वदेशी परततो, आणि काही वर्षांनी येतो तो गोरी पत्नी बरोबर घेऊन. त्याच्या स्वागतासाठी वधूवेष ल्यालेली ही माता अखेर आपले बालक त्या पत्नीच्या स्वाधीन करते, हीच तुझी खरी आई असे त्याला सांगते, आणि समुद्राचे ऋण आपल्या प्राणांनी फेडते.

कथानकाचा हा साचा उसना होता; परंतु पोराला दूर करतानाची वाँगची मुद्रा उसनी नव्हती. अतिशयोक्त हावभावांच्या त्या काळात तिने जो संयम राखला, त्याची ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकानेही मनःपूर्वक प्रशंसा केली. कथेने लोटस फ्लॉवरला केवळ त्यागमूर्ती म्हणून कल्पिले होते; वाँगने तिला मन दिले.

तथापि कथालेखकांना नायिकेचा मृत्यू इतका सोयीचा का वाटावा, याचे उत्तर बव्हंशी त्या देशाच्या कायद्यात सापडते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत मज्जाव केला होता; कॅलिफोर्नियात गोऱ्यांचा आशियाई वंशीयांशी विवाह 1948 पर्यंत बेकायदा होता; आणि हा चित्रपट झळकला त्याच 1922 सालच्या केबल कायद्यानेही, नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या परदेशीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व हिरावून घेण्याची तरतूद कायम ठेवली. खुद्द वाँगला, जन्माने अमेरिकन असूनही, परदेशी जाण्यापूर्वी परतीच्या हक्कासाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागे. जो संसार सरकारी दफ्तरात नोंदवता येत नव्हता, तो पडद्यावर मांडण्याचे धाडस निर्मात्यांनी केले नाही.

1928 मध्ये वाँग युरोपात गेली, तेव्हा भूमिकांना थोडी मोकळीक आली. ‘पिकॅडिली’मधील (1929) शोशो ही भांडी घासणारी मुलगी नर्तकी होते, आपल्या अटी स्वतः घालते, गोऱ्या मालकाचे मन जिंकते, पण शेवटी तिचीही हत्या होते. पुढे बोलपटाच्या युगात ‘द गुड अर्थ’ची (1937) चिनी नायिका लुईझे रायनर या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाली, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करही लाभले.

या आढाव्यात एक अपवाद आवर्जून नोंदविला पाहिजे. हायाकावाने 1918 मध्ये स्वतःची हॉवर्थ ही निर्मितीसंस्था काढली, आणि तिच्या ‘द ड्रॅगन पेंटर’मध्ये (1919) तो स्वतः व त्याची पत्नी त्सुरू आओकी यांनी रंगविलेले प्रेमिक विरहातून तरून पुन्हा एकत्र येतात. दोघेही जपानी असल्याने येथे वंशाची सीमा ओलांडली गेली नाही, हे खरे. तरीही आशियाई प्रेमिकांना जगण्याचा आणि सुखी होण्याचा अधिकार त्यात निःसंकोच मिळाला, आणि तो मिळाला तेव्हा संस्थेची सूत्रे आशियाई कलावंताच्या हाती होती, हा योगायोग मानता येत नाही. पडद्यावर विविध वंशांचे चेहरे दिसू लागणे ही प्रतिनिधित्वाची पहिली पायरी खरीच. परंतु कथा कोणी ठरवावी आणि तिजोरीची किल्ली कोणापाशी असावी, याचा निवाडा झाल्यावाचून त्या चेहऱ्यांना न्याय मिळत नाही. लोटस फ्लॉवरसाठी अश्रू ढाळणाऱ्या प्रेक्षकाने तिला मरण नेमून देणाऱ्या व्यवस्थेलाही जाब विचारावा, एवढे ऋण वाँगच्या कलेने आपल्यावर निश्चित ठेवले आहे.