धारवाडची १०७४ मुलं

कुठल्याही बालमार्गदर्शन केंद्रात ‘बीकेटी झाली का?’ हा प्रश्न ‘रक्त तपासलं का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो. बीकेटी म्हणजे बिने-कामत टेस्ट. त्यातले बिने कोण, हे बी.एड.ची पोरंही झोपेत सांगतील. जोडनावातल्या दुसऱ्या गृहस्थांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. व्ही. व्ही. कामत या नावाचा मला नाद लागला तो या उपेक्षेपायीच, आणि तो अजून सुटलेला नाही.

पूर्वपीठिका वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर उरकतो. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची मालिका तयार केली. वर्गात मागे पडणारी मुलं शिक्षकाच्या लहरीवर न सोडता पारखून घ्यावीत, म्हणजे त्यांना वेगळं शिकवता येईल, एवढाच हेतू. १९०८ मध्ये प्रश्न वयानुसार लावले गेले. १९११ मध्ये बिने वारले. बुद्धी जन्मजात आणि अचल असते असं म्हणणाऱ्यांवर ते शेवटपर्यंत चिडून होते. पुढे अमेरिकेत नेमकी तशाच माणसांच्या हाती त्यांची चाचणी पडली. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये काढलेली आवृत्ती जगभर गेली. कामतांच्या हाती धारवाडला आली ती हीच.

टर्मनची प्रश्नावली मी पुनःपुन्हा वाचतो, कारण तिच्यात एक अख्खं कॅलिफोर्निया दडलेलं आहे. सहा वर्षांच्या मुलासमोर चार नाणी ठेवायची : पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर. नावं सांग. शाळेत निघताना पाऊस असेल तर काय करशील? घराला आग लागलेली दिसली तर? कुठे जायचंय आणि गाडी चुकली तर? पाच वर्षांच्या मुलाला चेहऱ्यांच्या जोड्या दाखवायच्या : यातली सुंदर कोण? आठ वर्षांच्या मुलाला कागदावर गोल मैदान काढून द्यायचं : चेंडू हरवलाय, कुठून कसा शोधशील ते पेन्सिलीने दाखव. नऊ वर्षांच्या मुलाने दिसायला सारख्या पाच ठोकळ्या वजनाप्रमाणे लावायच्या : ३, ६, ९, १२, १५ ग्रॅम.

आता हे धारवाडात आणायचं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. ठोकळ्या आणि चेंडू येतील तसे. पण नाणी? सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा मोजणाऱ्या मुलाला सुट्ट्या पैशांचं गणित दशमान चलनातल्या मुलापेक्षा वेगळंच पडतं. महिने सांग म्हटलं तर चैत्र-वैशाख की जानेवारी-फेब्रुवारी? चुकायला आगगाडीच नाही अशा गावच्या पोराने काय उत्तर द्यायचं? आणि गोऱ्या चेहऱ्यांतलं सौंदर्य कोणाच्या डोळ्यांनी ठरवायचं? प्रश्नाचं भाषांतर अर्ध्या दिवसात होतं, त्याची अवघडता मात्र भाषांतराबरोबर येत नाही. पॅरिसमध्ये सात वर्षांच्या मुलाला जमणारा प्रश्न इकडे नऊ वर्षांच्याला जमेल, किंवा पाच वर्षांच्याला. मूळ तत्त्व असं की त्या वयाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश मुलांना जो प्रश्न जमतो, तो त्या वयाचा. म्हणजे प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना प्रत्यक्ष विचारून त्याची जागा नव्याने ठरवायची. प्रमाणीकरण म्हणतात ते हे, आणि ते टेबलाशी बसून होत नाही.

कामतांनी ते केलं. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’त १९३४ मध्ये त्यांचा लेख आला, कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने-श्रेणीची सुधारणा या विषयावर. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कानडीतले थोर कवी झाले ते याच गावात, तेव्हा दोन भाषांची एक चाचणी करावीशी वाटणं इथे फारसं नवलाचं नव्हतं. कामतांचा नमुना १०७४ मुलांचा, मुलगे आणि मुली दोन्ही. मुलींचं मला विशेष वाटतं, कारण पुढे १९५५ मध्ये सी. एम. भाटियांची प्रसिद्ध कृतिचाचणी आली तिच्या नमुन्यात फक्त मुलगे होते. कामतांनी मुलगे-मुलींमधल्या फरकावर १९३९ मध्ये स्वतंत्र लेखही लिहिला. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं.

एका माणसाने उभं केलेलं काम म्हणून मी त्याला हात जोडतो. पण आकडा पुन्हा पाहा. १०७४ मुलं, शिशुवयापासून मिसरूड फुटेपर्यंतची. दर वर्षाच्या वयोगटाला साठ-सत्तर येतात. त्यांत दोन भाषा, त्यांत मुलगे-मुली. आठ वर्षांच्या मराठी मुली किती उरल्या, ते वाचकाने बोटांवर मोजावं.

दुसरी गोष्ट सप्रमाणतेची. चाचणी जे मोजते म्हणते तेच मोजते कशावरून? त्यासाठी बाहेरचा एखादा निकष लागतो. कामतांनी घेतला शिक्षकांचा अंदाज : हा मुलगा हुशार, हा मध्यम. चाचणी आणि शिक्षकांचं मत यांतला सहसंबंध साधारण ०.५ असल्याचं चाचण्यांच्या पुस्तकांत नोंदलेलं असतं. गंमत अशी की शिक्षकाच्या मतावर विसंबायला नको म्हणून बिनेंनी चाचणी काढली, आणि ती खरी की खोटी हे ठरवायला पुन्हा शिक्षकालाच बोलवावं लागलं. यात कामतांचा दोष नाही, त्या काळी सगळेच हे करत. पण मग ०.५ हा आकडा कमी पडला म्हणून रडायचं, की शिक्षकापेक्षा काहीतरी वेगळं मोजलं जातंय म्हणून आनंद मानायचा? सप्रमाणतेवरच्या धड्यात हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे आकडा येतो, त्याखाली रेघ येते आणि विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो.

चाचणी नेमकं काय मोजते, या प्रश्नावर अमेरिकेत मोठं भांडण झालं होतं. १९२२ च्या शेवटी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये लेखमाला लिहून टर्मन आणि मंडळींना धारेवर धरलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या चाचण्यांवरून सरासरी अमेरिकन प्रौढाचं मानसिक वय चौदाच्या आसपास असल्याची हूल उठली होती. लिपमन यांचा मुद्दा साधा होता : सरासरी प्रौढ सरासरी प्रौढापेक्षा कमी अकलेचा कसा असेल? मोजपट्टी चुकली असेल, माणसं कशी चुकतील? टर्मन यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं, पण मुद्द्याला बगल देऊन आणि टवाळीच्या सुरात. मी दोन्ही बाजू वाचल्यात. युक्तिवादात पत्रकाराने प्राध्यापकाला चीत केलं, आणि व्यवहारात प्राध्यापकाच्या चाचण्या खपत राहिल्या.

टर्मनना मात्र एक श्रेय द्यायलाच हवं. १९३७ मध्ये त्यांनी आणि मॉड मेरिल यांनी ३१८४ मुलांवर नवी आवृत्ती काढून १९१६ ची स्वतःच रद्दीत टाकली. म्हणजे कामतांचं पुस्तक बाहेर आलं तेव्हा त्याची मूळ आवृत्ती स्टॅनफर्डमध्ये तीन वर्षं आधीच जुनी झाली होती. तिकडे १९६०, १९८६, २००३ अशा सुधारणा होत राहिल्या. १९६० मध्ये तर मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं सूत्रही तिथे सोडलं गेलं. ते सोडायचं कारण उघड आहे. मूल दोन वर्षांनी मागे असेल तर चौथ्या वर्षी बुद्ध्यांक ५० येतो, आठव्या वर्षी ७५, बाराव्या वर्षी ८३. तेवढाच मागे राहूनही मूल नुसतं वाढल्याने हुशार ठरतं! बिने-कामतमध्ये हाच भागाकार अजून चालतो.

महाराष्ट्रात या वंशावळीची दुसरी शाखा आहे, नागपूरची. डॉ. आर्थर मालिन यांनी तिथे वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीचं भारतीय रूप केलं, ‘मिसिक’ या नावाने ती अजून वापरात आहे. एडगर डॉल यांची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीही नागपूरमार्गेच आपल्याकडे रुळली. डॉल यांच्या ११७ कलमांत टेबलावरच्या सुरीने पावाला लोणी लावता येणं हे एक, आणि सांताक्लॉज खरा नसतो हे कळणं हे दुसरं. भारतीय आवृत्तीत ८९ कलमं उरली. पिठलं-भाकरी खाणाऱ्या पोराची सामाजिक परिपक्वता सुरीवरून ठरवायची नाही, एवढं नागपूरला कळलं. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्डच्या बुद्धिविषयक सिद्धांतावर स्वतःच्या चाचण्या बांधल्या, तो मार्ग वेगळाच आणि जास्त धाडसाचा. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

आता हे सगळं पुराणवस्तुसंग्रहालयातलं असतं तर मी इतका जीव टाकला नसता. अडचण सरकारी कागदाशी येते. १९९६ पासून महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. बुद्ध्यांक सत्तरच्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमता. अध्ययन अक्षमता म्हणायची तर बुद्ध्यांक सर्वसाधारण, म्हणजे बहुतेक ठिकाणी ८५ च्या वर हवा. मधल्या पट्ट्यातलं मूल त्या एकवीस प्रकारांत कुठेच बसत नाही. त्याच्या कागदावर ‘सीमारेषेवर’ असा शेरा येतो आणि आई-वडील रिकाम्या हाताने परततात.

हा बुद्ध्यांक जुन्या चाचणीवर काढला की घोळ आणखी वाढतो. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत दर दशकाला सरासरी गुण सुमारे तीनने चढत गेले. मानकं जुनी असतील तर आजच्या मुलाचा आकडा फुगतो. १९३१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते जेमतेम साडेनऊ टक्के, २०११ मध्ये एकट्या महाराष्ट्रात ८२ टक्क्यांवर. चित्रांची पुस्तकं, बालवाडी, टीव्ही, मोबाइल यांत वाढलेल्या मुलीची तुलना धारवाडच्या त्या साठ-सत्तर मुलांशी केली तर ती त्यांच्यापुढे चुणचुणीतच दिसणार. आज तिच्या वर्गमैत्रिणींच्या तुलनेत ती ६६ वर असेल आणि जुन्या चाचणीवर ७६ वर. दहा गुणांच्या या बक्षिसाने तिचं प्रमाणपत्र जातं. जुनी फूटपट्टी मुलांना कमी लेखत असेल असा आपला समज असतो, इथे ती त्यांना जास्त लेखून मारते.

तरी बिने-कामत टिकून आहे, आणि त्यात कोणाचा कट नाही. संच स्वस्त, शिकवणारे भरपूर, मराठीत विचारता येते, तासाभरात उरकते. परदेशी कंपनीच्या नव्या चाचणीचा संच घ्यायचा तर जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखाना चालवणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला दोनदा विचार करावा लागतो. दर उत्तरपत्रिकेचेही वेगळे पैसे.

पण नवी मानकं काढणं खरंच इतकं आवाक्याबाहेरचं आहे का? वेक्स्लरच्या चौथ्या आवृत्तीचा अमेरिकेतला नमुना होता २२०० मुलांचा, अकरा वयोगट, प्रत्येकी २००. तेवढीच मुलं आपण सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत निवडू. शहर-खेडं, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी घरं धरून. वीस प्रशिक्षित परीक्षक, प्रत्येकाकडे दिवसाला तीन मुलं. सदतीस दिवसांत चाचण्या होतात. प्रश्न घडवणं, पूर्वचाचणी, आकडेमोड यांना धरा दोन-तीन वर्षं. दरसाल पंधरा लाखांच्या आसपास मुलांची दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्याला २२०० मुलं म्हणजे एका लहानशा तालुक्याची परीक्षा. कामतांकडे ना संगणक होता, ना वीस परीक्षकांचं पथक.