नाटकाला घरभाड्याचा आधार

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात युक्लिड अव्हेन्यूवर उभं राहून पाहिलं, तर स्टेट थिएटरचा दर्शनी भाग अरुंदच वाटतो. आत शिरल्यावर मात्र लॉबी संपता संपत नाही. तिची लांबी आहे सुमारे ३२० फूट. त्यामागे थाटापेक्षा हिशेब मोठा होता. हमरस्त्यावरची जागा महाग, मागची स्वस्त. म्हणून पाटी आणि तिकीटखिडकी रस्त्यावर ठेवून प्रेक्षागृह मागे नेलं, आणि दोन्हींना जोडणारी वाट राजवाड्यासारखी सजवली. भिंतींवर जेम्स डॉहर्टी यांची चार भव्य चित्रं आहेत, एकेका खंडासाठी एकेक. युरोपच्या वाट्याला नाट्य आलं आहे, अमेरिकेच्या वाट्याला सिनेमा.

स्टेट, ओहायो, हॅना आणि ॲलन ही चार थिएटरं १९२१ साली उघडली, पॅलेस १९२२ साली. ॲलन मूकपटांसाठी, पॅलेस व्हॉदव्हिलसाठी, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या मिश्र करमणुकीसाठी, हॅना आणि ओहायो नाटकांसाठी, तर स्टेटमध्ये सिनेमा आणि व्हॉदव्हिल दोन्ही. या परिसराला प्लेहाउस स्क्वेअर म्हणतात.

पुढे घरोघर टीव्ही आला आणि मध्यमवर्ग उपनगरांत गेला. १९५० साली शहराची लोकसंख्या ९ लाख १४ हजार होती; १९८० पर्यंत ती ५ लाख ७३ हजारांवर आली. संध्याकाळी मध्यवस्तीत यायला माणूसच उरला नाही. १९६८-६९ मध्ये हॅना वगळता बाकी चारही थिएटरांना कुलूप लागलं. १९७२ साली स्टेट आणि ओहायो पाडून तिथे गाड्यांसाठी वाहनतळ करायचं घाटत होतं.

शाळा खात्यात नोकरी करणारे रे शेपर्डसन १९७० साली शिक्षकांच्या सभेसाठी जागा शोधत इथे आले आणि इथलेच झाले. थिएटरं पाडू नयेत म्हणून ज्युनिअर लीग या महिला संघटनेने २५ हजार डॉलर दिले. पण शेपर्डसन नुसती निवेदनं देत बसले नाहीत. प्रेक्षक आत आल्याशिवाय इमारत वाचणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. १९७३ साली त्यांनी स्टेटच्या त्याच लॉबीत टेबलं-खुर्च्या मांडून जॅक ब्रेलच्या गाण्यांचा कार्यक्रम लावला. थोडे आठवडे चालेल असं धरलं होतं, तो दोन वर्षांहून अधिक चालला. ओस पडलेल्या मध्यवस्तीत लोक पैसे मोजून येतात, हे त्याने सिद्ध केलं. १९७७ साली काउंटीने स्टेट आणि ओहायोची इमारत विकत घेतली. मग ओहायो १९८२, स्टेट १९८४, पॅलेस १९८८ आणि ॲलन १९९८ साली पुन्हा सुरू झालं.

खरी मेख पुढे आहे. थिएटर दुरुस्त करणं एक वेळ जमतं, दरवर्षी पोसणं कठीण. म्हणून इथल्या विश्वस्त संस्थेने आजूबाजूच्या इमारती घेतल्या आणि ती स्वतःच घरमालक झाली. कार्यालयं आणि दुकानांच्या भाड्यातून रंगभूमीला हातभार लागतो. २०१४ साली चौकात, भर रस्त्यावर २० फूट उंचीचं झुंबर टांगलं गेलं. २०२० साली ३१८ घरांचा ३४ मजली लुमेन टॉवर उभा राहिला. झुंबराचे फोटो निघतात. टॉवरमुळे नाटक सुटल्यावरही परिसर जागा राहतो.

जुन्या थिएटरांचं जतन म्हटलं की आपण कोरीव छतांकडे आणि झुंबरांकडे बघतो. क्लीव्हलँडचा अनुभव सांगतो की आधी खेळ लावावा लागतो आणि नंतर उत्पन्नाची सोय. आठवणींवर थिएटर वाचतं, पण चालत नाही.